गुलामांचे दास संत पेत्र क्लावेर

माणसाची किंमत काय, हा प्रश्न सतराव्या शतकांत कार्ताहेना बंदरीं कोणी तत्त्वज्ञानाचा म्हणून विचारीत नसे. तेथें त्याचें उत्तर चांदीच्या नाण्यांत मोजून देण्यांत येई. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आज ज्यास कोलंबिया म्हणतात त्या देशांत, स्पेनच्या राजाचें हें बंदर होतें, आणि आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम उतरविण्याचें तें एक मुख्य ठिकाण होतें. व्यापारी आपल्या वह्यांत गुलामास मनुष्य असें न लिहितां नग असें लिहीत. पूर्ण वाढीचा, निरोगी, तरुण पुरुष म्हणजे एक नग. मुलें, उतारवयाचे लोक, व्यंग असलेले लोक यांचा हिशेब अपूर्णांकांत होई. दोन-तीन पोरें मिळून एक नग भरे. मेलेल्यांची नोंद नुकसानींत. प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिमेप्रमाणें घडविलेला असून देवाला ओळखणें, त्याजवर प्रीति करणें, त्याची सेवा करणें व अंतीं त्याच्यापाशीं राहणें यासाठींच तो जन्मास आला आहे, असें ज्या धर्मांत आम्हांस लहानपणींच शिकवितात, त्याच धर्माचे म्हणविणारे लोक हे हिशेब ठेवीत होते, ही गोष्ट वाचकांनीं डोळेझांक न करतां आधीं ध्यानांत घ्यावी. या वह्यांच्या गांवीं सुमारें चाळीस वर्षें राहून ज्या धर्मगुरूनें अगदीं निराळा हिशेब मांडला, त्या संत पेत्र क्लावेर यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म इ. स. १५८० मध्यें स्पेन देशाच्या कातालोनिया प्रांतीं व्हर्दू या गांवीं एका शेतकरी कुटुंबांत झाला. त्याच वर्षीं पोर्तुगालचें राज्य स्पेनच्या राजाकडे गेलें व पुढें साठ वर्षें त्याच्याच घराण्याकडे राहिलें; म्हणजे आमच्या वसईच्या किल्ल्यावर आणि कार्ताहेनाच्या तटावर त्या काळीं एकाच राजाचा अंमल होता. १६०२ सालीं क्लावेर येशूसंघांत दाखल झाले. स्वभावानें ते अबोल, संकोची व आपल्या योग्यतेविषयीं नेहमीं साशंक असत. वरिष्ठांनीं त्यांच्यासंबंधीं ठेवलेल्या टिपणांत बुद्धि व व्यवहारज्ञान बेताचेंच असल्याचा शेरा आढळतो.

अभ्यासासाठीं त्यांस मायोर्का बेटावरील पाल्मा शहरच्या विद्यालयांत पाठविण्यांत आलें. तेथें त्यांच्या आयुष्याला जें वळण लागलें तें कोणा पंडितानें लावलें नाहीं, तर दारावरच्या एका म्हाताऱ्या बंधूनें लावलें. अल्फोन्सो रॉड्रिगेज हे पूर्वीं सेगोव्हिया शहरांतील लोंकरीचे व्यापारी. बायको गेली, मुलें गेलीं, धंदा बसला. चाळिशीच्या सुमारास ते येशूसंघांत साधे बंधु म्हणून आले, आणि पुढें अनेक वर्षें विद्यालयाचा दरवाजा उघडणें व लावणें हेंच त्यांचें काम होतें. परंतु दारावर थाप पडली कीं, बाहेर प्रत्यक्ष प्रभुच येऊन उभा आहे असें मनांत आणून ते उठत. मग बाहेर अधिकारी असो वा भिकारी असो. जगाच्या दृष्टीनें ज्याचें आयुष्य वायां गेलें अशा या माणसापाशीं तरुण क्लावेर फावल्या वेळीं जाऊन बसत. त्याच्या उपदेशाचीं टिपणें त्यांनीं एका वहींत उतरून घेतलीं व ती वही मरेपर्यंत जपली. समुद्रापलीकडे असंख्य जीव कोणी विचारपूस करीत नाहीं म्हणून नाश पावत आहेत, तिकडे जावें, हें या द्वारपालानेंच त्यांच्या मनांत भरविलें.

१६१० सालीं क्लावेर सेव्हिल येथून गलबतावर चढले ते स्वदेशीं पुन्हां कधींहि परतले नाहींत. बोगोता व तुंहा येथें राहिलेला अभ्यास पुरा करून ते कार्ताहेनास आले व १६१६ सालीं १९ मार्च रोजीं, संत योसेफाच्या सणाच्या दिवशीं, त्यांस तेथेंच गुरुदीक्षा मिळाली. गुलामांमधील कार्य त्यांच्या आधींच फादर आलोन्सो दे सांदोवाल यांनीं आरंभिलें होतें. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांना जहाजांत कोंबण्यापूर्वीं घोळक्यानें उभें करून त्यांच्यावर पाणी शिंपडीत आणि बाप्तिस्मा झाला असें म्हणत. पाणी कशाचें व कशासाठीं, हें बहुतेकांस ठाऊकहि नसे. सांदोवाल यांनीं प्रत्येकाला त्याच्या भाषेंत विचारून खात्री करून घेण्याची वहिवाट पाडली, त्या लोकांच्या जाति व भाषा यांची माहिती जमविली आणि १६२७ सालीं त्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. क्लावेर यांनीं काम शिकलें तें त्यांच्या हाताखालीं.

जहाज दिसल्याची वर्दी आली कीं, अबोल क्लावेर यांचा चेहरा उजळे. दुभाष्यांना हांक मारून, संत्रीं, लिंबें, बिस्किटें, तंबाखू, ब्रँडी व सुगंधी पाणी यांच्या टोपल्या घेऊन ते होडीनें निघत. हें सामान त्यांनीं शहरांत दारोदार भीक मागून जमविलेलें असे. आधीं हातांनीं बोलावें व मग तोंडानें, अशी त्यांची रीत होती. जहाजाच्या तळाशीं आठवडेच्या आठवडे बेड्यांत जखडून पडलेल्या लोकांना, हे गोरे आपणांस मारून आपल्या चरबीचें तेल काढणार व रक्तानें शिडें रंगविणार, असें खरोखरच वाटत असे. तें भय घालविणें हें पहिलें काम. तळांतील दुर्गंधि अशी कीं, कसलेले खलाशीहि तेथें उतरावयास कचरत. क्लावेर खालीं उतरत, आणि आधीं कोणाकडे जात? व्यापारी ज्यांना हिशेबांतून वगळून टाकीत त्यांच्याकडे: मरणास टेकलेले रोगी आणि प्रवासांत जन्मलेलीं तान्हीं बाळें.

१६२७ सालच्या पवित्र त्रैक्याच्या सणाची हकीकत त्यांनीं स्वतः एका पत्रांत लिहून ठेवली आहे. त्या दिवशीं आफ्रिकेंतील नद्यांकडून आणलेले पुष्कळ लोक एका मोठ्या जहाजांतून उतरले. वखारींत रोगी जमिनीवर, ओल्या मातींत, उघडेच पडलेले होते. क्लावेर यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं मातीचा भराव घातला, फळ्या आणून अंथरल्या व रोग्यांना उचलून त्यांवर निजविलें. त्यांत दोघे जवळजवळ मेलेलेच होते. अंग गार पडलेलें, नाडी लागत नव्हती. खापरावर निखारे आणून त्या दोघांमध्यें ठेवले, निखाऱ्यांवर धूप घातला, आणि दुसरें पांघरूण नसल्यामुळें आपले झगेच काढून त्यांच्यावर घातले. मालकांकडे पांघरूण मागण्यांत अर्थ नव्हता. थोड्या वेळानें दोघांस ऊब आली, श्वास लागला, व ते डोळे उघडून आनंदानें यांच्याकडे पाहूं लागले. शिकवण त्यानंतर. यांतला क्रम पाहण्यासारखा आहे. बाजारांत ज्यांचें कांहींच आलें नसतें अशा दोघांपायीं त्या दिवशीं एका धर्मगुरूचा एवढा वेळ खर्च झाला.

शिकविण्याची त्यांची तऱ्हाहि साधी होती. भाषा अनेक असल्यामुळें चित्रें दाखवीत, हातांत क्रूस धरीत, क्रूसाची खूण करण्यास एकेकाचा हात धरून शिकवीत. बाप्तिस्म्यासाठीं दहा-दहा जणांचा गट करीत व गटांतील सर्वांना एकच नांव देत, म्हणजे एक विसरला तर दुसरा आठवण देई. मग येशू व मरिया यांच्या मुद्रा असलेलें शिशाचें पदक प्रत्येकाच्या गळ्यांत घालीत. त्याच माणसांच्या अंगावर तापलेल्या लोखंडाचा डाग अगोदरच उठविलेला असे, तो मालकाचा. त्यांचा झगा कधीं रोग्याचें पांघरूण होई, कधीं उशी, कधीं आडोसा. दिवसांतून कित्येक वेळां तो धुवावा लागे. एकंदर तीन लाख लोकांस त्यांनीं बाप्तिस्मा दिला, असें त्यांच्याविषयीं सांगण्यांत येतें. त्या बंदरांत उतरलेल्या लोकांचा अंदाज पाहतां हा आंकडा आम्हांस फार मोठा वाटतो, आणि त्यावांचून त्यांच्या थोरवीला कांहीं उणें येत नाहीं.

१६२२ सालीं येशूसंघांतील अखेरचीं व्रतें घेतांना त्यांनीं सहीखालीं आपणांस आफ्रिकन लोकांचा सदाचा दास असें लिहिलें, आणि तें अक्षरशः पाळलें. पापनिवेदन ऐकण्यास ते बसले कीं पहिला मान गुलामांचा, मग गरिबांचा, थोरामोठ्यांच्या स्त्रियांना थांबावें लागे. त्या कुरकुर करीत, देवळांत गुलामांच्या अंगाचा वास येतो अशी तक्रार करीत, व वरिष्ठांकडूनहि क्लावेर यांस कधीं कधीं बोल लागे. ते तो निमूटपणें ऐकून घेत, पण रांग मात्र बदलत नसे. ईस्टरनंतर ते खेडोपाडीं मळ्यांवर जात. मालकाच्या वाड्यांतील खोली नाकारून गुलामांच्या झोंपड्यांत उतरत. संत लाझारच्या महारोग्यांच्या रुग्णालयांत व तुरुंगांत, फांशीची शिक्षा झालेल्यांजवळ, त्यांची फेरी असे.

आतां एक गोष्ट स्पष्टपणें लिहिली पाहिजे, कारण महोत्सवी पुस्तिकांत ती बहुधा गाळण्यांत येते. गुलामगिरी नाहींशी करावी असें क्लावेर यांनीं कधीं म्हटलें नाहीं. त्यांचे दुभाषे हे देखील विद्यालयानें विकत घेतलेले गुलामच होते. या लोकांना धरून आणणें न्यायाचें आहे काय, अशी पृच्छा सांदोवाल यांनीं आफ्रिकेंतील लुआंडा येथील येशूसंघीय प्रमुखाकडे केली होती. १६१० सालीं उत्तर आलें कीं, याविषयीं मनाला टोंचणी लावून घेऊं नये. एवढ्यावर तो प्रश्न त्या घरांत मिटला. क्लावेर यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनीं, १६८१ सालीं, फ्रान्सिस्को होसे दे हाका व एपिफानियो दे मोइरांस या दोन कापुचिन धर्मगुरूंनीं हवाना येथें उघडपणें सांगितलें कीं, हे लोक स्वतंत्र आहेत, त्यांना सोडून द्यावें व केलेल्या श्रमाचा मोबदलाहि द्यावा. त्यांना अटक होऊन स्पेनला रवाना करण्यांत आलें. आमच्या मतें या दोघांनीं जें तोंडानें सांगितलें त्याचें बीज क्लावेर यांच्या कृतींत होतें; ज्याच्या पायांशीं आपला धर्मगुरु गुडघे टेकतो तो नग कसा असेल, हें पाहणाऱ्याच्या मनांत आल्यावांचून राहिलें नसेल. तथापि पाया पोखरणें म्हणजे इमारत पाडणें नव्हे, आणि ती इमारत पुढें दोनशें वर्षें उभी राहिली. तेवढ्या पिढ्यांनीं तिचा भार सोसला. संतांचा मान राखण्यासाठीं हें झांकण्याची गरज नाहीं.

या चरित्राचा शेवटचा भाग सर्वांत अवघड आहे. १६५० सालीं किनाऱ्यावरील गांवांतून उपदेश करीत फिरत असतां क्लावेर आजारी पडले. पुढच्या वर्षीं कार्ताहेनांत सांथ शिरली व तिनें येशूसंघांतील अनेकांचा बळी घेतला. क्लावेर जगले, पण हातापायांस कंप सुटला तो गेला नाहीं. मिस्सा अर्पण करणें बंद झालें. ज्यानें हजारोंच्या तोंडीं घांस घातला त्यास आपला घांस तोंडाशीं नेतां येईना. अशीं चार वर्षें ते आपल्या खोलींत पडून होते. घरांत मोजकेच लोक उरले होते व त्यांना सवड नव्हती; शहराला त्यांचा जवळजवळ विसरच पडला. त्यांच्या तैनातीस एक गुलाम दिलेला होता. तो त्यांचें अन्न स्वतः खाई, कित्येक दिवस त्यांना अस्वच्छ तसेंच ठेवी, कपडे घालतांना हिसडे देई. क्लावेर यांनीं तक्रार केली नाहीं. आपल्या पापांचा विचार करतां हें थोडेंच आहे, असें ते मानीत. त्या गुलामास दोष देण्यास आमची लेखणी सहज उचलत नाहीं. ज्यास जन्मभर कोणी माणूस म्हणून वागविलें नाहीं त्याच्या हातीं एक असहाय म्हातारा आला, आणि त्या म्हाताऱ्यानें त्याचें नांवहि वरिष्ठांपर्यंत जाऊं दिलें नाहीं.

बाजाराच्या मापानें पाहिलें तर आतां क्लावेर स्वतःच अपूर्णांकांत आले होते, किंबहुना नुकसानींत. हातून कांहींच होत नव्हतें; देवाजवळ राहणें तेवढें उरलें होतें. १६५४ सालीं गुलामांमधील कार्यासाठीं स्पेनहून एक नवे धर्मगुरु आले, तेव्हां क्लावेर यांनीं कसेंबसें त्यांच्यापर्यंत जाऊन त्यांचे पाय चुंबिले. ६ सप्टेंबर रोजीं त्यांनीं स्वतःस उचलून देवळांत नेवविलें व पवित्र कम्युनियन घेतलें. दुसऱ्या दिवशीं वाचा गेली. मग शहराला एकदम आठवण झाली. लोकांनीं घरांत गर्दी केली, खोलींतील वस्तु आठवण म्हणून उचलून नेल्या. ८ सप्टेंबरच्या पहांटे, धन्य कुमारी मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशीं, त्यांनीं प्राण सोडला. ज्यांनीं चार वर्षें विचारपूस केली नव्हती त्या अधिकाऱ्यांनीं सरकारी खर्चानें थाटाचा अंत्यविधि केला. गुलामांनीं आपली निराळी मिस्सा करविली.

पोप तेरावे लिओ यांनीं १५ जानेवारी १८८८ रोजीं त्यांस संतपद दिलें, आणि त्याच समारंभांत पाल्माच्या त्या द्वारपालासहि. त्याच वर्षीं मे महिन्यांत ब्राझील देशांत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. कोलंबियांत ती १८५१ च्या कायद्यानें अगोदरच बंद झाली होती. १८९६ मध्यें पोपमहाशयांनीं त्यांस कृष्णवर्णीय लोकांमधील धर्मकार्याचे आश्रयदाते संत ठरविलें. कार्ताहेना येथें त्यांच्याच नांवाच्या देवळांत मुख्य वेदीखालीं त्यांच्या अस्थि ठेवलेल्या आहेत.

हें सर्व आपणांस कसें समजलें, तेंहि सांगितलें पाहिजे. त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांनीं धर्मपीठाच्या चौकशीसाठीं कार्ताहेनांत साक्षी घेण्यांत आल्या. त्यांत प्रतिष्ठित नागरिकांबरोबर दुभाष्यांसहि बोलावून, शपथ देऊन, त्यांचें म्हणणें उतरून घेतलें. तळघरांतला, वखारींतला, मळ्यांवरचा बराचसा तपशील आपणांस मिळाला तो त्यांच्याकडून. त्यांपैकीं आन्द्रेस साकाबुचे या दुभाष्याची साक्ष विस्तृत आहे. तो अंगोला देशचा, असें कागदांत लिहिलेलें आहे.

संत पेत्र क्लावेर यांचा सण ९ सप्टेंबर रोजीं येतो. आदले दिवशीं मरियामातेच्या जन्मोत्सवाची धामधूम असल्यामुळें तो आमच्याकडे बहुधा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं.