संत जियान्ना : टाक्यांची जखम आणि तीन लेकरे

दरवर्षी २८ एप्रिल रोजी संत जियान्ना बेरेट्टा मोल्ला यांचे स्मरण केले जाते. उदरातील बाळासाठी प्राण वेचणारी माता, एवढीच त्यांची ओळख आपल्यापैकी अनेकांना असते. ती खरीच आहे. परंतु त्यांच्या जीवनातील एका दुर्लक्षित कालखंडाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो आहे पोटावरील शस्त्रक्रिया आणि अखेरचे बाळंतपण यांमधील साडेसात महिन्यांचा.

उत्तर इटलीतील मिलान शहराजवळच्या माजेंता येथे ४ ऑक्टोबर १९२२ रोजी जियान्ना यांचा जन्म झाला. तेरा भावंडांतील त्या दहाव्या. १९४२ साली आईवडिलांचे छत्र हरपले, तरी त्यांनी शिक्षण सोडले नाही. १९४९ मध्ये पाविया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या, १९५० मध्ये मेसेरो गावी त्यांनी दवाखाना उघडला आणि १९५२ मध्ये मिलान येथे बालरोगशास्त्राचे विशेष शिक्षण पूर्ण केले. माता, बालके, वृद्ध आणि गोरगरीब यांच्याकडे त्यांचा विशेष ओढा होता. त्यांचे डॉक्टर बंधू ब्राझीलमध्ये मिशनरी धर्मगुरू म्हणून कार्य करीत होते. आपणही तेथे जावे, ही जियान्ना यांची मनीषा होती. ती पूर्ण झाली नाही. विवाहित जीवन हेच आपले पाचारण आहे, असे प्रार्थनेअंती त्यांनी ओळखले आणि २४ सप्टेंबर १९५५ रोजी अभियंता पिएत्रो मोल्ला यांच्याशी त्या विवाहबद्ध झाल्या. पिएरलुईजी, मारिओलिना आणि लाऊरा ही तीन अपत्ये पाठोपाठ जन्मली. संसार आणि दवाखाना या दोन्ही जबाबदाऱ्या त्या आनंदाने पेलत होत्या.

१९६१ साली त्या पुन्हा गरोदर राहिल्या. दुसरा महिना सुरू असताना गर्भाशयात गाठ वाढत असल्याचे आढळले. गाठीसह संपूर्ण गर्भाशय काढून टाकणे, गाठ काढून गर्भपात करणे, किंवा केवळ गाठ काढून गर्भ वाचविण्याचा प्रयत्न करणे, असे तीन मार्ग होते. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गर्भपात ख्रिस्तसभेला मान्य नाही. मात्र आजारी गर्भाशय काढण्याचा पहिला मार्ग तिच्या नीतिशिकवणीत बसणारा होता, कारण त्यात उद्देश मातेच्या उपचाराचा असतो, बाळाच्या मृत्यूचा नव्हे. म्हणजे जियान्ना यांच्यावर कोणतीही सक्ती नव्हती. त्यांनी स्वखुशीने तिसरा, सर्वाधिक जोखमीचा मार्ग निवडला. ६ सप्टेंबर १९६१ रोजी मोंझा येथील रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, बाळ वाचले.

त्यानंतर त्या घरी परतल्या. थोरला मुलगा अद्याप पाच वर्षांचा झाला नव्हता, मधली कन्या पावणेचार वर्षांची होती, तर धाकटी लाऊरा अवघी दोन वर्षांची. पोटावर टाके पडलेल्या बाईला वाकणे, उठणे, साधे खोकणेही किती जड जाते, हे अनेक भगिनी जाणतात. पण दोन वर्षांच्या लेकराला आईचे टाके कळत नाहीत. त्याला फक्त कडेवर जायचे असते. जियान्ना यांच्या उदरात तर चौथे बाळ वाढत होते, आणि गर्भाशयावरील ताजी शिवण वाढत्या भाराने उसवू शकते, हे डॉक्टर या नात्याने त्यांना पुरेपूर ठाऊक होते. तरीही मातेची आणि डॉक्टरची कर्तव्ये त्यांनी टाळली नाहीत. बाळ सुखरूप जन्मावे, एवढीच त्यांची प्रार्थना होती. प्रसूतीपूर्वी त्यांनी पतीला निक्षून सांगितले की, निवड करण्याची वेळ आलीच तर बाळाला वाचवावे.

२१ एप्रिल १९६२ रोजी, पवित्र शनिवारी, शस्त्रक्रियेद्वारे जियान्ना एमानुएला या कन्येचा जन्म झाला. त्यानंतर मातेच्या पोटात जंतुसंसर्ग पसरला. असह्य वेदना सोसून २८ एप्रिल रोजी सकाळी वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांनी प्रभूच्या चरणी प्राण ठेवला.

मागे उरले पिएत्रो आणि चार लेकरे. १९६४ मध्ये चिमुकली मारिओलिनाही देवाघरी गेली. पिएत्रो यांनी उरलेल्या तिघांना वाढविले. ज्या कन्येसाठी आईने प्राण दिला, ती पुढे डॉक्टर झाली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जियान्ना यांना १९९४ मध्ये धन्यवादित आणि १६ मे २००४ रोजी संत म्हणून घोषित केले, तेव्हा ९१ वर्षांचे पिएत्रो मुलांसह उपस्थित होते. ३ एप्रिल २०१० रोजी, पवित्र शनिवारीच, त्यांचे निधन झाले. संतपदाच्या मार्गावर मान्य झालेले दोन्ही चमत्कार ब्राझीलमधील मातांच्या बाबतीत घडले. त्यांतील पहिला, १९७७ सालचा, बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेली जखम बरी होण्याचा होता.

प्रिय वाचकहो, संत जियान्ना यांची थोरवी सांगताना एक धोका संभवतो. त्यांच्या सोशिकतेचा दाखला देऊन आपण आपल्या घरातील मातांकडूनही मुकाट्याने सोसण्याची अपेक्षा करू लागतो. हा त्यांच्या जीवनाचा बोध नव्हे. त्यांनी स्वतःचे दुःख स्वीकारले, पण डॉक्टर म्हणून आयुष्यभर इतर मातांचे दुःख हलके केले. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलू नये, असे डॉक्टर सांगतात. मग भरलेली कळशी कोणी उचलायची? रडणाऱ्या लेकराला कोणी घ्यायचे? पतीने, सासूबाईंनी, शेजारणीने, आपण सर्वांनी. येत्या २८ एप्रिलला या संत मातेची मध्यस्थी मागताना आपल्या धर्मग्रामात नुकतीच रुग्णालयातून घरी परतलेली एखादी माता आहे का, याची चौकशी करू या. तिच्या घरी एक वेळचे जेवण पोहोचवणे आणि तिचे मूल तासभर सांभाळणे, हीसुद्धा प्रार्थनाच आहे.