मॅक्सवेल फिनलंड

मॅक्सवेल फिनलंड (१५ मार्च १९०२ – २५ ऑक्टोबर १९८७) हे अमेरिकन वैद्य, संसर्गजन्य रोगांचे संशोधक आणि हार्वर्ड विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची जवळजवळ सारी कारकीर्द बॉस्टन सिटी हॉस्पिटल या नगर रुग्णालयात गेली. रुग्णाच्या रक्तात कोणता जीवाणू वाढतो आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे पाहून प्रतिजैविकाची निवड करावी, ही आज सर्वमान्य असलेली पद्धत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. एकाच गोळीत दोन प्रतिजैविके ठरावीक प्रमाणात मिसळून विकण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी दीर्घकाळ वाद घातला. त्यांच्या नावावर आठशेहून अधिक शोधनिबंध आहेत.

बालपण आणि शिक्षण

फिनलंड यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यात, कीव्हजवळील झाश्कीव येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असताना कुटुंब बॉस्टनला स्थायिक झाले. १९२२ मध्ये ते हार्वर्डमधून पदवीधर झाले आणि १९२६ मध्ये तेथूनच त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. लवकरच ते बॉस्टन सिटी हॉस्पिटलमधील थॉर्नडाइक स्मृती प्रयोगशाळेत दाखल झाले. या रुग्णालयात प्रामुख्याने शहरातील गोरगरीब येत असत. ते अविवाहित होते आणि अनेक वर्षे रुग्णालयाच्या आवारातच राहत असत.

सीरमचा काळ

फिनलंड वैद्यक व्यवसायात आले तेव्हा प्रतिजैविके नव्हती. न्यूमोकॉकस या जीवाणूमुळे होणारा न्यूमोनिया हा धट्ट्याकट्ट्या माणसालाही आठवड्याभरात नेणारा रोग होता. त्यावर उपाय होता तो घोड्यांच्या व पुढे सशांच्या रक्तापासून तयार केलेल्या सीरमचा. मात्र न्यूमोकॉकसचे तीसहून अधिक प्रकार तोपर्यंत ओळखले गेले होते आणि एका प्रकारावरचे सीरम दुसऱ्या प्रकारावर निरुपयोगी ठरे. म्हणून रुग्णाची थुंकी व रक्त तपासून आधी जीवाणूचा प्रकार ठरवावा लागे, मगच सीरम देता येई. सीरम महाग होते, त्यामुळे कधीकधी तीव्र प्रतिक्रिया येई, आणि उशीर झाला तर त्याचा उपयोग होत नसे. चुकीच्या निवडीची किंमत येथे उघड होती.

याच काळात फिनलंड यांनी टिल्घमन या सहकाऱ्यासह न्यूमोनियाच्या रुग्णांतील रक्तसंसर्गाचा अभ्यास केला. तो १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात जीवाणू सापडत, त्यांचे मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक होते. रोग फुप्फुसापुरता मर्यादित आहे की रक्तात उतरला आहे, या एका गोष्टीवर रुग्णाचे भवितव्य बरेचसे अवलंबून असे. रक्ताचे संवर्धन, म्हणजे रुग्णालयात ज्याला ब्लड कल्चर म्हणतात ती तपासणी, फिनलंड यांच्या कामाचा कणा बनली ती येथपासून. शिरेतून निर्जंतुक सुईने काढलेले रक्त पोषक द्रवात घालून उबेत ठेवायचे आणि त्यात काय वाढते ते पाहायचे, एवढीच ही कृती आहे; पण उत्तर मिळायला एक-दोन दिवस, कधी त्याहून अधिक वेळ लागतो, आणि रुग्णाजवळ तितका वेळ असतोच असे नाही.

नवी औषधे

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सल्फा औषधे आली आणि सीरमचा काळ संपला. जीवाणूचा प्रकार ओळखण्याची आता गरज उरली नाही, असे पुष्कळांना वाटू लागले व अनेक ठिकाणी तपासणी न करताच गोळ्या दिल्या जाऊ लागल्या. सीरमच्या शिस्तीत वाढलेल्या फिनलंड यांना हे मानवले नाही. नवीन औषधाचा परिणाम मोजायचा, तर आधी रोगजंतू कोणता हे माहीत हवे, असा त्यांचा आग्रह होता.

सल्फा औषधांचीही मर्यादा लवकरच दिसली. याच रुग्णालयातील स्किनर व कीफर यांनी १९४१ मध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या रक्तसंसर्गाच्या १२२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८२ टक्के दगावले होते. पुढे हेच कीफर युद्धकाळात नागरी रुग्णांसाठी पेनिसिलिनचे वाटप ठरविणाऱ्या समितीचे प्रमुख झाले. पेनिसिलिनने चित्र पालटले, परंतु फार काळ नाही. काही स्टॅफिलोकॉकस पेनिसिलिन निकामी करणारे विकर तयार करतात, हे १९४४ मध्येच कर्बी यांनी दाखविले होते. असे जीवाणू रुग्णालयांतून झपाट्याने वाढत गेले. १९५२ मध्ये एरिथ्रोमायसिन आले, तेव्हा फिनलंड यांच्या प्रयोगशाळेने त्याच वर्षी त्याला दाद न देणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषधांच्या कंपन्या आपली नवी औषधे त्यांच्याकडे चाचणीसाठी पाठवीत आणि प्रयोगशाळेच्या खर्चाला हातभारही लावीत. त्यांच्या पुढच्या भूमिकेचे मूल्यमापन करताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ते औषध उद्योगाचे शत्रू नव्हते.

रक्तसंवर्धनांच्या नोंदी

फिनलंड यांचे सर्वांत टिकाऊ काम बहुधा सर्वांत रुक्षही आहे. रुग्णालयात कोणत्या वर्षी किती रुग्णांच्या रक्तात कोणता जीवाणू सापडला आणि त्यांपैकी किती मरण पावले, याचा हिशेब त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदींतून काढला. वर्षे विचारपूर्वक निवडली होती: १९३५ हे सल्फा औषधांपूर्वीचे, १९४१ हे सल्फाचे पण पेनिसिलिनपूर्वीचे, १९४७ हे पेनिसिलिन सहज मिळू लागल्यानंतरचे, आणि तेथून पुढे १९५७ पर्यंतची काही. जोन्स व बार्न्स यांच्यासह लिहिलेला हा निबंध १९५९ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला.

प्रतिजैविकांमुळे रक्तसंसर्ग आटोक्यात आला, अशी सर्वसाधारण समजूत होती. नोंदी वेगळेच सांगत होत्या. न्यूमोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस यांचे महत्त्व घटले होते खरे. पण त्यांची जागा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि आतड्यात राहणाऱ्या ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंनी घेतली होती. गंभीर रक्तसंसर्गाच्या रुग्णांची संख्या कमी न होता वाढली होती. त्यांतील बरेच संसर्ग रुग्ण दुसऱ्याच आजारासाठी दाखल असताना रुग्णालयातच जडलेले होते. वृद्ध, शस्त्रक्रिया झालेले, मूत्रनलिका घातलेले आणि आधीच प्रतिजैविके घेतलेले रुग्ण यांना धोका अधिक होता. औषधाने एक जीवाणू मारला की त्या औषधाला न जुमानणाऱ्या दुसऱ्याला मोकळे रान मिळे. काही टीकाकारांनी, हा एका जुन्या, गर्दीच्या, गरिबांच्या रुग्णालयाचा अनुभव आहे, तो सर्वत्र लागू करू नये, असा आक्षेप घेतला. आक्षेप गैरवाजवी नव्हता. मात्र ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंच्या रक्तसंसर्गाची वाढ पुढे इतर मोठ्या रुग्णालयांतही आढळली.

या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ मोठा होता. रक्तसंसर्गाच्या संशयावरून पहिले औषध द्यायचे ते अंदाजानेच. पण तो अंदाज कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वॉर्डात, कोणत्या वर्षी कोणते जीवाणू आढळतात यावर आधारलेला असला पाहिजे. आज अनेक रुग्णालये दरवर्षी आपल्याकडील जीवाणूंच्या संवेदनशीलतेचा तक्ता तयार करतात, त्यामागे हाच विचार आहे.

संयुक्त औषधांचा वाद

१९५६ मध्ये वॉशिंग्टन येथील प्रतिजैविक परिषदेत, सरकारी औषध प्रशासनातील प्रतिजैविक विभागाचे प्रमुख हेन्री वेल्श यांनी संयुक्त औषधांच्या रूपाने प्रतिजैविकांचे तिसरे युग सुरू होत असल्याचे जाहीर केले. टेट्रासायक्लिन व ओलिअँडोमायसिन यांच्या मिश्रणाची त्या सुमारास मोठी जाहिरात चालू होती. दोन औषधे एकत्र दिल्याने अधिक जीवाणू मरतील आणि तपासणीची यातायात वाचेल, असा युक्तिवाद होता.

फिनलंड यांनी १९५७ मध्ये या दाव्यांचा लेखी समाचार घेतला. त्याच वर्षी हॅरी डाउलिंग, अर्नेस्ट जावेट्झ आदी तज्ज्ञांसह त्यांनी एक संयुक्त संपादकीयही प्रसिद्ध केले. त्यांचे मुद्दे साधे होते. ठरावीक मिश्रणात एका औषधाची मात्रा रुग्णागणिक बदलता येत नाही. दोन्हींचे दुष्परिणाम मात्र रुग्णाला सोसावे लागतात. मिश्रण हाताशी असले की वैद्य निदान करण्याचे टाळतो. शिवाय दोन औषधे नेहमी एकमेकांना साहाय्य करतातच असे नाही: न्यूमोकॉकसमुळे झालेल्या मेंदुज्वरात केवळ पेनिसिलिन दिलेल्यांपेक्षा, पेनिसिलिनबरोबर क्लोरटेट्रासायक्लिन दिलेले रुग्ण अधिक प्रमाणात मरण पावल्याचे लेपर व डाउलिंग यांनी १९५१ मध्येच दाखविले होते. फिनलंड यांचा विरोध दोन औषधे एकाच वेळी देण्याला सरसकट नव्हता. क्षयरोगात किंवा एन्टरोकॉकसमुळे हृदयाच्या झडपांना झालेल्या संसर्गात दोन औषधे लागतातच. पण ती वैद्याने कारण पाहून, स्वतंत्र मात्रेत द्यावीत, कारखान्यात आधीच मिसळलेली नसावीत, असे त्यांचे म्हणणे होते.

वेल्श यांना संपादक म्हणून औषधविषयक नियतकालिकांतून मोठी प्राप्ती होत असल्याचे उघड झाले आणि १९६० मध्ये त्यांनी पद सोडले. १९६२ च्या किफॉवर–हॅरिस दुरुस्तीने औषध केवळ निर्धोक असणे पुरेसे न मानता, त्याची परिणामकारकता सिद्ध करणे उत्पादकांवर बंधनकारक केले. तिच्या आधारे जुन्या औषधांची फेरतपासणी झाली. टेट्रासायक्लिन व नोव्होबायोसिन यांचे पॅनाल्बा हे अतिशय खपाचे मिश्रण न्यायालयीन लढाईनंतर १९७० मध्ये बाजारातून गेले. हे यश एकट्या फिनलंड यांचे नव्हे. परंतु वैद्यकातील विरोधाचा पाया १९५७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला होता.

उत्तरकाळ

१९६३ मध्ये फिनलंड थॉर्नडाइक प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या अमेरिकेच्या संसर्गजन्य रोग संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी कॅल्व्हिन क्युनिन यांनी पुढे रुग्णालयांतील प्रतिजैविकांच्या वापराचे परीक्षण करण्याची पद्धत मांडली. १९६८ मध्ये फिनलंड निवृत्त झाले, पण नोंदींचे काम थांबले नाही. मॅकगोवन व बार्न्स यांच्यासह त्यांनी १९३५ ते १९७२ या काळातील निवडक बारा वर्षांच्या रक्तसंसर्गाचा आढावा १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रुग्णालयात जडलेल्या संसर्गाचा विशेष विचार आहे. बॉस्टन येथे वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेत संसर्गजन्य रोगांच्या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांच्या नावे पुरस्कार दिला जातो.