बोरघाटाचे शिल्पकार जेम्स जॉन बर्कले

लोणावळ्यास अथवा मावळांतील एखाद्या गांवीं वाढलेल्या मुलास आगगाडीचें नवल वाटत नाहीं. कर्जतास गाडीच्या मागें जादा एंजिनें लागतात, गाडी बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत वर चढते आणि लोणावळ्याच्या फलाटावर येऊन उभी राहते. ज्यांनीं हा चढ प्रथम आंखला, त्या बर्कले साहेबांचें चरित्र आमच्या बालवाचकांनीं अवश्य जाणून घ्यावें.

जेम्स जॉन बर्कले यांचा जन्म ता. २१ ऑक्टोबर १८१९ रोजीं लंडनमधील हॉलोवे येथें झाला. किंग्ज कॉलेजांत शिक्षण झाल्यावर त्यांनीं सुप्रसिद्ध रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखालीं लोहमार्गाचें काम केलें. इ. स. १८४९ मध्यें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते म्हणून त्यांची नेमणूक झाली व पुढील वर्षीं ते मुंबईस आले. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई ते ठाणें हा मार्ग सुरू झाला. तें काम सपाटीचें होतें. खरी परीक्षा पुढें सह्याद्रींत होती.

घाटाचा पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फूट उंच, तर माथा २,०२७ फूट. म्हणजे १,८३१ फूट चढावयाचें. आतां हें अवघड कां, तें नीट समजून घेतलें पाहिजे. शंभर टनांची गाडी सपाट रुळावर चालती ठेवण्यास अर्ध्या टनाहूनही कमी जोराची ओढ पुरते, कारण लोखंडी चाकांस घर्षण फार थोडें. परंतु ३७ फुटांस एक फूट असा चढ लागला कीं, पृथ्वीचें आकर्षण त्याच गाडीस सुमारें पावणेतीन टनांच्या जोरानें मागें खेंचूं लागतें. चढ सौम्य करावा तर मार्ग लांबतो. लांबी वांचवावी तर ओढ वाढते. शिवाय ज्या गुळगुळीतपणामुळें गाडी सहज धांवते, त्यामुळेंच पावसांत चढावर एंजिनाचीं चाकें जागच्या जागीं फिरतात व रुळांवर वाळू टाकावी लागते.

उतार तर याहून भयंकर. उतरणीवर सोडलेल्या वस्तूचा वेग प्रत्येक क्षणीं सारखा वाढत जातो, हें इटलींतील गॅलिलिओनें लांकडी पन्हळीवरून गोळे सोडून दाखविलें होतें. तोच नियम येथें लावून पाहा. ३७ फुटांस एक फूट अशा उतारावर ब्रेकशिवाय सुटलेली गाडी पहिल्या मिनिटांत सुमारें पाव मैल जाईल व तिचा वेग ताशीं ३० मैल होईल. दुसऱ्या मिनिटाच्या अखेरीस ती एक मैल गेलेली असेल व वेग ६० मैल! वेग दुप्पट झाला कीं तेवढ्याच ब्रेकानें थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें. म्हणून घाटांत उलट चढावर जाणारे आंधळे फांटे ठेवितात. बेफाम गाडी त्यांवर वळविली कीं, जें आकर्षण तिला पळवीत होतें तेंच तिला थोपवितें.

बर्कले यांनीं कडेकपारी पायाखालीं घालून, मोजणीवर मोजणी करून मार्ग ठरविला. एका धनगरानें साहेबांस वाट दाखविली अशी दंतकथा घाटांत सांगतात, व शिंगरोबाचें देऊळ त्याच्याच नांवानें उभें आहे. मार्ग जवळजवळ सोळा मैलांचा, त्यांत २५ बोगदे व ८ मोठे पूल. चढ सरासरीनें ४६ फुटांस एक. एके ठिकाणीं वळण घेण्यास डोंगरानें जागाच दिली नाहीं. तेथें त्यांनीं युक्ति अशी योजिली कीं, गाडी एका टोंकास थांबावी, एंजिन दुसऱ्या बाजूस जोडावें आणि गाडीनें उलट दिशेनें पुढचा चढ चढावा.

काम १८५६ सालीं सुरू झालें. तोंवर खोपोलीपर्यंत एका बाजूनें व १८५८ पासून खंडाळ्यापर्यंत दुसऱ्या बाजूनें गाडी येई. मधला घाट उतारू पालखींतून अथवा तट्टावरून चढत. पहिला ठेकेदार फॅव्हिएल यानें १८५९ मध्यें काम सोडलें. त्याच्या जागीं आलेले सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारले. तेव्हां त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनीं ठेका चालविण्याचें धैर्य दाखविलें. १८६१ सालीं घाटांत बेचाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीनें व अपघातांनीं त्यांतील किती बळी घेतले! त्यांचीं नांवें कोणत्याही शिलेवर कोरलेलीं नाहींत, ही गोष्ट या घाटाची थोरवी गातांना विसरतां कामा नये.

अतिश्रमानें बर्कले यांची प्रकृति ढासळली व १८६१ सालीं त्यांस मायदेशीं परतावें लागलें. ता. २५ ऑगस्ट १८६२ रोजीं, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षीं, त्यांचा देहान्त झाला. पुढल्याच एप्रिलांत गव्हर्नर सर बार्टल फ्रीयर यांच्या हस्तें घाटाचा मार्ग खुला झाला.

उलट दिशा घेण्याचें तें ठिकाण १९२९ सालीं नवा मार्ग निघाल्यावर बंद पडलें, आणि त्याच सुमारास घाटांत विजेचीं एंजिनें आलीं. चढ मात्र अद्यापि ३७ फुटांस एकच आहे.