पांडुरंग खानखोजे : एक चरित्र, दोन स्मृती

कावेरीकाठचे कुंभकोणम् मराठी वाचकाला सर्वस्वी परके नाही. ते एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये तेथेच जन्मले. याच गावी ७ ऑगस्ट १९२५ रोजी एम. एस. स्वामिनाथन् यांचा जन्म झाला. मेक्सिकोत सिद्ध झालेले गव्हाचे वाण भारतीय शेतीत रुजविण्याच्या कार्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्यांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १९२४ मध्ये, वर्ध्याचे एक मराठी गृहस्थ मेक्सिकोत पोहोचले होते. तेथील गहू आणि मका यांच्या सुधारणेसाठी त्यांनी पुढे अनेक वर्षे वेचली. हे गृहस्थ म्हणजे पांडुरंग सदाशिव खानखोजे. मराठी स्मृतीत ते उरले आहेत क्रांतिकारक म्हणून. मेक्सिकोच्या स्मृतीत कृषिशास्त्रज्ञ म्हणून. या दोन स्मृतींचा सांधा जुळविल्याखेरीज त्या चरित्राचा अर्थ पुरता उलगडत नाही.

खानखोजे यांचा जन्म १८८४ चा. त्यांचे बालपण वर्ध्यात गेले आणि पुढील शिक्षण नागपुरास झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांच्या भीषण दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला, तो नेमका त्यांच्या कुमारवयाचा काळ होय. राजकीय पारतंत्र्य आणि शेतकऱ्याची उपासमार हे दोन प्रश्न त्या पिढीला निरनिराळे वाटत नव्हते. लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखाली वाढलेला हा तरुण सैनिकी शिक्षणाच्या ओढीने देशाबाहेर पडला आणि जपानमार्गे अमेरिकेत गेला. कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथील सैनिकी विद्यालयात तो दाखल झाला. ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत त्याने शेतकीचे अध्ययन केले. त्याच किनाऱ्यावरच्या लाकूड-गिरण्यांत आणि मळ्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांशी त्याचे निकटचे संबंध जुळले. १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला. हरदयाळ लेखणीची बाजू सांभाळत असता सशस्त्र उठावाच्या गुप्त सिद्धतेचे काम खानखोजे यांच्याकडे होते.

पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. उठाव फसल्यावर बर्लिन हे निर्वासित भारतीयांचे केंद्र उरले होते. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्या समवेत १९२१ मध्ये ते तेथून मॉस्कोसही गेले. ब्रिटिशांच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे मायदेशाचे दार मात्र बंद होते. अशा अवस्थेत त्यांनी मेक्सिकोची वाट धरली.

हा देश त्यांच्या जीवितकार्याला अनुकूल ठरला, याला ऐतिहासिक कारण होते. १९१० साली सुरू झालेल्या मेक्सिकन क्रांतीचा गाभाच जमिनीचा प्रश्न हा होता. मोठ्या जमीनदाऱ्या फोडून गावांना जमिनी देण्याचे काम सुरू झाले होते. परंतु जमीन हाती आलेल्या कुळाला सुधारलेले बी आणि लागवडीचे ज्ञान कोण देणार, हा प्रश्न अनुत्तरित होता. राष्ट्रीय कृषिविद्यालय याच सुमारास चापिंगो येथील एका जुन्या जमीनदारी वाड्यात हलविण्यात आले होते. खानखोजे तेथे अध्यापक झाले. पिकांची सुधारणा हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता.

तथापि विद्यालयाच्या भिंतींत ते रमले नाहीत. आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळांची चळवळ उभारली. तेथे शुल्क नव्हते, आणि प्रौढ शेतकरी व त्यांची मुले शिकण्यास येत. पीक कसे निवडावे, बी कसे राखावे, याचे शिक्षण शेतातच दिले जाई. गदरच्या दिवसांत मजुरांना संघटित करण्याची जी दृष्टी त्यांनी कमावली होती, तीच येथे वेगळ्या रूपाने प्रकट झाली. बंदूक सुटली, पण कष्टकऱ्यांशी जडलेले नाते सुटले नाही.

या शाळांची आणि खानखोजे यांच्या मका-गव्हावरील प्रयोगांची छायाचित्रे इटालियन छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी घेतली. चित्रकार दिएगो रिव्हेरा हे त्यांचे स्नेही होते. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेरांनी १९२८ मध्ये काढलेल्या एका चित्रात कष्टकऱ्यांची पंगत बसलेली आहे, आणि मध्यभागी भाकर मोडून वाटणारा पुरुष म्हणजे खानखोजेच, असे मानले जाते. परदेशस्थ मराठी माणसाला असे स्मारक क्वचितच लाभले असेल. १९३६ मध्ये, ज्याच्या नावाचा अर्थ ‘डाळिंब मका’ असा होतो अशा मक्याच्या एका वाणाविषयी त्यांचे स्पॅनिश पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास जान सिंदिक या बेल्जियन महिलेशी त्यांचा विवाह झाला. सावित्री व माया या त्यांच्या दोन कन्या.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतले आणि अखेर नागपुरात स्थायिक झाले. त्यांच्या अनुभवाचा शेतीसाठी म्हणावा तसा उपयोग मात्र करून घेतला गेला नाही. जानेवारी १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांचा देहान्त झाला. आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणविले होते. हे वाण नॉर्मन बोरलॉग यांचे. त्यांच्या गहू-संशोधनाला १९४४ मध्ये मेक्सिकोत आरंभ झाला, आणि त्या उपक्रमाचे एक प्रयोगक्षेत्र चापिंगो येथेच होते. १९६३ मध्ये बोरलॉग भारतात आले, त्यामागे स्वामिनाथन् यांचा आग्रह होता. बोरलॉग यांच्या गव्हाचे श्रेय खानखोजे यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु ज्या मातीतून ते बियाणे निघाले, तिच्यात एका मराठी शास्त्रज्ञाने वीस वर्षे आधी काम केले होते, एवढे सत्य निर्विवाद आहे.

वीणा गवाणकर यांनी मराठीत आणि कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत लिहिलेल्या चरित्रांमुळे हे जीवन विस्मृतीतून वर आले. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांचा पुतळाही बसविण्यात आला. तरीही मराठी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने एक प्रश्न उरतोच. आपल्या चरित्रवाङ्मयाने त्याग, तुरुंग आणि फाशी यांच्या कथनाची समृद्ध परंपरा घडविली. बी, माती आणि शेतकऱ्यांची शाळा यांसाठी मात्र तितकी समर्थ भाषा घडविली नाही. म्हणूनच खानखोजे यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध आपल्याला सहज सांगता येतो आणि उत्तरार्ध पुरवणीसारखा वाटू लागतो. वस्तुतः त्यांच्या लेखी लढा एकच होता, आणि तो अधिक काळ लढला गेला मक्याच्या शेतात.