वाल्डेमार हाफकिन आणि खाली पडलेला चिमटा

आमच्या वर्गातील काही मुलांस घेऊन आम्ही अंधेरी येथील एका दंतवैद्यांकडे गेलो होतो. तेथे एका चौकस विद्यार्थ्याने आम्हांस विचारले की, ही हत्यारे दर रोग्यासाठी नव्या बंद पाकिटातून का काढतात. नुसती धुऊन घेतली तर चालणार नाही काय? ह्या प्रश्नाचे उत्तर एका थोर पुरुषाच्या चरित्रात आहे. ते येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात शिकून पुढे ते पॅरिस येथे पाश्चर यांच्या संस्थेत गेले. १८९२ साली त्यांनी पटकीवर लस सिद्ध केली व ती स्वतःस टोचून घेतली. दुसऱ्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेगाने थैमान मांडले, तेव्हा सरकारने त्यांस येथे धाडले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत अहोरात्र खपून त्यांनी प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःसच टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली.

परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी अनर्थ ओढवला. त्या दिवशी १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच कुपीतील लस घेतलेल्या १९ जणांस धनुर्वात झाला व ते सर्व दगावले. चौकशी मंडळाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांस पदावरून दूर करण्यात आले व ते खिन्न मनाने हा देश सोडून गेले. पुढे साक्षीपुरावे नीट तपासले गेले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. कुपीचे बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो पुरता निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे बीज मातीतच वास करते. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी जाहीरपणे हाफकिन यांचा पक्ष घेतला व १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले. परंतु गेलेली वर्षे परत आली नाहीत, आणि ते १९ जीवही परत आले नाहीत. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचा अंत झाला.

चिमटा कोणाच्याही हातून पडू शकतो. त्यात अपराध नाही. पडल्यावर तो शुद्ध करण्याचा नियम घाईत ढिला करणे, हाच अपराध होय. दंतवैद्याच्या हत्यारास रोग्याचे रक्त व लाळ लागते, आणि काही रोगबीजे उकळत्या पाण्यातही तग धरतात. म्हणून हत्यारे आधी घासून धुवावी, मग पाकिटात घालून दाबाखालील १२१ अंश उष्णतेच्या वाफेत निदान १५ मिनिटे ठेवावी, आणि एखादे खाली पडल्यास बाजूस ठेवून दुसरे घ्यावे. हे केवळ डॉक्टरांस ठाऊक असून भागत नाही. हत्यारे धुणाऱ्या मदतनिसासही ते शिकविले पाहिजे, कारण शेवटी रोग्याचा जीव त्याच्याच हाती असतो.

आमच्या त्या विद्यार्थ्यास त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असेल. आमच्यापैकी जे पुढे वैद्यकाच्या सेवेत शिरतील, त्यांनी कोणी पाहत नसतानाही मुलकोवालचा तो चिमटा आठवावा, इतकेच आमचे सांगणे आहे.