न्यायमूर्ती रानडे गेल्यानंतरच्या रमाबाई : पुण्यातल्या राहत्या वाड्यात सेवासदन कसं उभं राहिलं?

रमाबाई रानडे म्हटलं की बहुतेकांना आठवते ती २०१२ साली आलेली 'उंच माझा झोका' ही मालिका. अकरा वर्षांची, अक्षरओळखही नसलेली नवरी. तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, सरकारी न्यायखात्यातला विद्वान नवरा. तो तिला शिकवतो, घरातल्या बायका तिचा छळ करतात, ती गुपचूप शिकत राहते. गोष्ट खरी आहे आणि चांगलीही आहे. पण रमाबाईंच्या आयुष्याचा तो पहिला भाग झाला. ज्या कामासाठी त्यांचं नाव घ्यायला हवं, ते त्यांनी नवरा गेल्यानंतर केलं.

आधी मागची गोष्ट थोडक्यात. रमाबाईंचा जन्म १८६२ चा, देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घरातला. डिसेंबर १८७३ मध्ये महादेव गोविंद रानड्यांशी त्यांचं लग्न झालं. या लग्नावरून रानड्यांवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस स्वतः विधुर झाला, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे त्याने मान तुकवली आणि एका लहान मुलीशी लग्न केलं. पुढे मात्र त्यांनी त्या मुलीला मराठी शिकवलं, इंग्रजी शिकवलं आणि सभेत बोलायला उभं केलं. पुण्यात मुलींच्या हायस्कूलची मागणी करणारं इंग्रजी भाषण रमाबाईंनी भर सभेत वाचलं, तेव्हा घरात किती दिवस टोमणे ऐकावे लागले असतील याची कल्पना करता येते.

१८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला हललं. तिथे रमाबाईंनी बायकांचा क्लब सुरू केला. बायका जमायच्या, वाचायच्या, बोलायच्या, शिवणकाम आणि प्रथमोपचार शिकायच्या. म्हणजे सार्वजनिक काम त्यांना नवीन नव्हतं. पण ते काम हायकोर्टाच्या न्यायाधीशांची पत्नी म्हणून चाललेलं होतं.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले.

रमाबाई तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. पोटी मूल नव्हतं. त्या मुंबई सोडून पुण्याला, मंडईजवळच्या जुन्या वाड्यात परत आल्या आणि वर्षभर जवळपास बाहेरच पडल्या नाहीत. ब्राह्मण घरातल्या विधवेने कोपरा धरणं ही तेव्हाची रीतच होती, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट त्या तशाच बसून राहिल्या असत्या तर लोकांनी त्यांना पतिव्रता म्हणून नावाजलंच असतं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या काळातल्या बहुतेक विधवांपुढे पहिला प्रश्न असायचा तो दोन वेळच्या जेवणाचा आणि डोक्यावरच्या छपराचा. रमाबाईंपुढे तो नव्हता. वाडा होता, पैसा होता, रानड्यांचं नाव होतं. त्यांनी घराबाहेर पडणं ही गरज नव्हती. म्हणूनच त्यांचं बाहेर पडणं लोकांना जास्त खटकणारं होतं.

परतीची सुरुवात सभेपासून झाली नाही. त्या पुण्याच्या मध्यवर्ती तुरुंगात, बायकांच्या विभागात जाऊ लागल्या. कैदी बायकांशी बोलत बसायच्या. सुधारगृहातल्या मुलांना सणावाराला खाऊ घेऊन जायच्या. इस्पितळातल्या रुग्णांना फळं, फुलं, पुस्तकं नेऊन द्यायच्या. या कामाचा गाजावाजा नव्हता आणि धार्मिक वृत्तीच्या विधवेने दुःखितांची विचारपूस करावी, याला सनातनी माणूसही नावं ठेवू शकत नव्हता. त्यांनी हे ठरवून केलं असो वा नसो, वाट मात्र अचूक निवडली गेली.

मग डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या मंडळींनी आग्रह धरला आणि १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या महिला परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी स्वीकारलं. आता त्या पुन्हा व्यासपीठावर होत्या, आणि या वेळी शेजारी रानडे नव्हते. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, त्याचंही अध्यक्षपद रमाबाईंकडे आलं. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात सेवासदनाचं काम सुरू झालं. जागा कुठली? तर त्यांचा राहता वाडा. ज्या घरात वर्षभर कोपरा धरला, त्याच घरात वर्ग भरू लागले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर या कामात त्यांचे मुख्य सहकारी होते.

सेवासदनाचं वेगळेपण समजायचं तर त्या वेळच्या बाईची अडचण समजून घ्यावी लागते. समजा, एक बाई पंचविशीत विधवा झाली आहे. लिहिता-वाचता येत नाही. ती शाळेत जाणार कशी? सहा-सात वर्षांच्या मुलींच्या रांगेत जाऊन बसणार का? आणि शिकून मिळवती होईपर्यंत तिला पोसणार कोण? धोंडो केशव कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम होता, पण तो गावाबाहेर हिंगण्याला, आणि तिथे जायचं म्हणजे घर सोडायचं. सेवासदन भर वस्तीत होतं. मोठ्या वयाच्या बायकांसाठी तिथे वेगळे वर्ग होते. विधवा यायच्या, तशा लग्न झालेल्या बायकाही यायच्या. दुपारची कामं आवरून यावं, शिकावं आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावं, अशी सोय होती. शिवण होतं, हस्तव्यवसाय होते, पुढे शिक्षिका तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज आणि वसतिगृहंही आली. आणि मुख्य म्हणजे 'रानडेवहिनींच्या वाड्यात जाते' असं सांगितलं की सासरच्यांना नाही म्हणणं अवघड व्हायचं.

शिक्षिका होण्यापर्यंत लोकांनी कसंबसं पचवलं. नर्सिंगचं मात्र तसं नव्हतं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रुग्णाचं मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, डॉक्टरांबरोबर काम करायचं. उच्चवर्णीय घरांत हे काम हलकं समजलं जायचं, आणि जी बाई ते करेल तिच्या चारित्र्याबद्दल बोललं जायचं. सेवासदनाने पुण्याच्या ससून रुग्णालयात आपल्या विद्यार्थिनींच्या प्रशिक्षणाची सोय केली आणि त्यांच्यासाठी वसतिगृह काढलं. सेवासदनाच्या साऱ्या कामांत हे काम सर्वांत धाडसाचं म्हणावं लागेल. पंडिता रमाबाईंसारखं त्यांनी समाजाशी उघड भांडण मांडलं नाही, धर्म सोडला नाही, रूढींवर तुटूनही पडल्या नाहीत. म्हणून काहींना त्या मवाळ वाटतात. पण ज्या घरांनी पंडिता रमाबाईंना दारातही उभं केलं नसतं, त्या घरांतल्या सुना या बाईंनी इस्पितळात नेऊन उभ्या केल्या.

१९१० मध्ये त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आलं. मराठीतल्या सुरुवातीच्या स्त्री-आत्मचरित्रांत त्याचं नाव मानाने घेतलं जातं. गंमत अशी, की हे पुस्तक रानड्यांच्या मृत्यूपाशी थांबतं. पुस्तक छापून आलं तेव्हा पुण्याचं सेवासदन सुरू झालेलं होतं, महिला परिषद होऊन सहा वर्षं लोटली होती, पण यातलं काहीच त्यात नाही. आपलं आयुष्य म्हणजे रानड्यांच्या सोबतीतलं आयुष्य, एवढंच सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं असावं. वाचकांनीही तसंच धरून चाललं. रमाबाईंची गोष्ट रानड्यांच्या गोष्टीतली एक उपकथा होऊन बसली, त्याला थोड्याफार त्या स्वतःच कारण आहेत.

रानड्यांची धर्मपर व्याख्यानं आणि इंग्रजी लेखन त्यांनी प्रसिद्ध केलं, तेही याच वर्षांत, बाकीची सगळी कामं सांभाळून. १९१३ मध्ये गुजरात-काठियावाडात दुष्काळ पडला, तेव्हा स्वयंसेविका घेऊन त्या तिकडे गेल्या. पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचा प्रश्न निघाला, तेव्हा पैसा अपुरा आहे, आधी मुलांचं पाहू, असं म्हणणारे वजनदार लोक शहरात होते. मुलींनाही सक्ती हवी म्हणून लढणाऱ्या बायकांच्या पुढे रमाबाई होत्या. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या झटल्या. मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये तो हक्क मिळाला, अर्थात मालमत्तेच्या अटीसह.

साठी जवळ आली तरी त्या आषाढी-कार्तिकीच्या यात्रेला सेवासदनाच्या बायका घेऊन आळंदीला जायच्या. देवदर्शनासाठी नव्हे, तर गर्दीत चुकलेल्या, आजारी पडलेल्या बायकांना मदत करायला.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. पुणे सेवासदनाच्या वेगवेगळ्या विभागांत त्या वेळी एक हजाराहून जास्त बायका शिकत होत्या.