आरोग्यसेविका लिलियन वाल्ड

ज्ञान ग्रंथांत असतें, औषध दवाखान्यांत असतें. परंतु तीं दोन्हीं गरिबाच्या बिछान्यापाशीं नेऊन पोंचविणारें कोणी नसेल तर त्यांचा उपयोग काय? हा प्रश्न ज्यांनीं स्वतःच्या आयुष्यानें सोडविला, आणि त्याच कामीं आपल्या असंख्य भगिनींना एका सूत्रांत ओंविलें, त्या लिलियन वाल्ड यांचें अल्प चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाल्डबाईंचा जन्म अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं ता. १० मार्च १८६७ रोजीं एका सुखवस्तु यहुदी कुटुंबांत झाला. बालपण रॉचेस्टर येथें गेलें. घरीं कशाची वाण नव्हती. परंतु रिकाम्या सुखांत त्यांचें मन रमेना. म्हणून त्या न्यूयॉर्क येथील इस्पितळाच्या परिचारिका-विद्यालयांत दाखल झाल्या. तेथील शिक्षण १८९१ सालीं पुरें करून पुढें त्यांनीं वैद्यकीचा अभ्यास आरंभिला.

१८९३ सालीं शहराच्या पूर्वभागांत, परदेशांतून आलेल्या गरीब स्त्रियांना त्या घरगुती शुश्रूषेचे पाठ देत असत. एके दिवशीं एक लहान मुलगी आपल्या आजारी आईसाठीं मदत मागावयास आली. तिच्या मागोमाग बाई एका जुनाट चाळींत गेल्या. दोन खोल्यांत सात माणसांचें कुटुंब, त्यांतच पोटभाडेकरी. आणि बाळंतीण रक्तस्राव होऊन मळक्या बिछान्यावर पडलेली! बाईंनीं तिची शुश्रूषा केली, खोली झाडून स्वच्छ केली, आणि मग वैद्यकीचा अभ्यास सोडून मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीसह त्याच वस्तींत बिऱ्हाड केलें. पुढें जेकब शिफ या उदार धनिकाच्या साह्यानें १८९५ मध्यें हेन्री स्ट्रीट या रस्त्यावर त्यांच्या कार्याला कायमचें घर लाभलें. तेथील परिचारिका रोग्याचा देश वा धर्म विचारीत नसत. ज्याला शक्य असेल तो अल्प मोबदला देई. ज्याला तोही शक्य नसे त्याची सेवा तशीच होई.

आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढील गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. त्या काळीं न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टर मुलांना तपाशीत आणि डोळ्यांचा किंवा त्वचेचा सांसर्गिक विकार दिसला कीं घरीं पाठवीत. परंतु घरीं उपचार कोण करणार? मूल रस्त्यांतून भटके आणि त्याचा अभ्यास बुडे. १९०२ च्या आक्टोबरांत वाल्डबाईंनीं आपल्या लिना रॉजर्स या परिचारिकेस चार शाळांचें काम देवविलें. प्रयोग सफल झालेला पाहून शहराच्या आरोग्यखात्यानें आणखी परिचारिका नेमिल्या. १९०२ च्या सप्टेंबरांत दहा हजारांहून अधिक मुलें घरीं पाठविलीं गेलीं होतीं. पुढील वर्षाच्या सप्टेंबरांत ही संख्या सुमारें अकराशेंवर आली. मुलाला वर्गाबाहेर काढणें सोपें. त्याला बरें करून वर्गांत बसविणें हेंच खरें आरोग्यकार्य होय.

या कार्याची कीर्ति पसरली, तसा एक नवा धोकाही उत्पन्न झाला. गांवोगांवीं घरभेटी देणाऱ्या परिचारिका नेमिल्या जाऊं लागल्या. परंतु त्यांपैकीं कित्येकींना पुरेसें शिक्षण नव्हतें, आणि तें किती असावें हें ठरविणारें कोणी नव्हतें. अर्धवट शिकलेल्या हातांत रोग्याचा जीव सांपडावा, आणि चांगल्या कामाचेंही नांव बद्दू व्हावें, अशी ही भीति होती. म्हणून १९१२ सालीं शिकागो येथें सार्वजनिक आरोग्य परिचारिकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली व तिच्या पहिल्या अध्यक्षा वाल्डबाई झाल्या. संस्थेचें सभासदत्व परिचारिकांपुरतें नव्हतें. या कार्यास हातभार लावणाऱ्या इतर नागरिकांनाही तें खुलें होतें. परिचारिकेचें शिक्षण कसें असावें आणि कामाचा दर्जा काय असावा, हें ठरविण्याचा भार संस्थेनें उचलिला. स्वतःच्या घराचा लौकिक सांभाळीत बाईंना स्वस्थ बसतां आलें असतें. परंतु जें आपल्या घरीं साधलें तें दूरच्या खेड्यांतील एकाकी परिचारिकेलाही साधावें, ही तळमळ त्यांना होती. नेतृत्व म्हणजे उंच आसन नव्हे. आपल्या बरोबरीच्या माणसांसह एक शिस्त स्वतःवर लादून घेणें होय, असें आम्हांस वाटतें.

पहिल्या महायुद्धांत त्यांनीं शांततेचा उघड पुरस्कार केला. त्यामुळें कांहीं देणगीदारांचा रोष ओढवला, तरी त्या डगमगल्या नाहींत. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या सांथींत न्यूयॉर्कमधील परिचारिकांची कुमक एकत्र आणणाऱ्या मंडळाचें अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलें. ता. १ सप्टेंबर १९४० रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांची राष्ट्रीय संस्था १९५२ सालीं इतर परिचारिका-संस्थांसह एका नव्या संस्थेंत विलीन झाली. हेन्री स्ट्रीटवरील त्यांचें घर मात्र आजही लोकसेवा करीत आहे.

विद्यार्थिमित्रहो, वाल्डबाईंच्या हातीं सत्ता नव्हती; होती ती एका मुलीच्या हांकेस ओ देण्याची तत्परता. परंतु ती तत्परता एकट्याची राहिली तर एका घरापुरतीच उरते; ती शिस्तीनें अनेकांची झाली म्हणजे सर्व देशाच्या उपयोगीं पडते. आपल्या मुलींच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या पालकांनींही या चरित्राचें मनन करावें, अशी आमची विनंति आहे.